वरच्या मजल्यावरचा येमेनी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा येमेनी विद्यार्थी मला पहिल्या दिवशी आवडला नाही आणि शेवटपर्यंत आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते. त्याच्याविषयी बोलायला लागलं की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं, आणि त्या हसण्यापायी मी एक नोकरी सोडलेली आहे.

नांदेडात आमचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. समोर दुकान, मागं आम्ही राहायचो, आणि वर गच्चीला लागून दोन खोल्या होत्या. त्या खोल्या अब्बा विद्यापीठात शिकायला येणाऱ्या परदेशी पोरांना भाड्यानं देत. त्या काळात अरब देशांतून आणि आफ्रिकेतून बरीच पोरं नांदेडला यायची. पुण्या-मुंबईपेक्षा इथं राहणं स्वस्त पडायचं आणि प्रवेशही लवकर मिळायचा. हा संगणकशास्त्राच्या एमएस्सीला आला होता. मीही त्याच वर्गात होते.

खोली बघायला आला तेव्हा सलामदुआ झाल्याबरोबर त्यानं विचारलं, नळाला पाणी रोज का येत नाही? अब्बांनी उन्हाळ्याची, धरणाची सगळी कहाणी सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "आमच्याकडंही येत नाही. मला वाटलं होतं इथं येत असेल." अब्बा हसले. अम्मीला मात्र त्याचं बोलणं झोंबलं. स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली की ह्याला खोली देऊ नका, हा कुरकुऱ्या आहे. अब्बांनी दिली.

गल्लीला सुरुवातीला त्याचं भारी कौतुक होतं. म्हातारी माणसं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सलाम करायची, आणि लगेच आपल्या पोराचा पासपोर्ट घेऊन जिना चढायची. तिकडं कुणी ओळखीचं आहे का, ड्रायव्हरची जागा असली तरी चालेल, ह्याला वेल्डिंग येतं. तो सांगायचा की माझा देश पैसेवाल्या अरबांचा नाही, आमचीच पोरं शेजारच्या देशात मजुरीला जातात. कुणाचा विश्वास बसायचा नाही. सांगायचं नाही म्हणून टाळतोय, असंच लोक धरून चालायचे. पुढं जेव्हा कळलं की शिक्षण झाल्यावर तो परत जाणार नाही, इथंच कुठल्यातरी कंपनीत नोकरी शोधणार आहे, तेव्हा तर गल्लीचं डोकंच फिरलं. जिथून बाहेर पडायला आपली पोरं धडपडतात तिथं हा राहतो म्हणतो. पळून आलाय का? तिकडं काही करून बसलाय का? पासपोर्ट घेऊन येणाऱ्यांनी मग येणं बंद केलं आणि त्याच्या सलामाला उत्तर देणंही जवळजवळ सोडलं.

मी त्याला एकदा विचारलं होतं, परत का जात नाहीस. तो म्हणाला, "तिकडं माझ्या भावाचं किराणा दुकान आहे. परत गेलो की मला गल्ल्यावर बसवतील. इथं नोकरी लागली तर लोक मला विचारतील की प्रोग्राम का चालत नाही. मला कुणीतरी हे विचारायला हवंय." तो हे इंग्रजी आणि मोडक्या उर्दूच्या मिश्रणात बोलायचा. दोन वर्षांत त्याची उर्दू आमच्यासारखी दखनी झाली. मराठी त्याला बोलता यायची नाही, पण कळायची सगळी. हे फार थोड्यांना माहीत होतं.

वर्गात तो शिकवणाऱ्यांच्या चुका काढायचा, आणि त्या खरोखर चुकाच असायच्या, म्हणून तर ते जास्त चिडायचे. लॅबमध्ये एकदा माझ्या पाठीमागं उभा राहून माझ्या स्क्रीनकडं बघत म्हणाला की असलं लिहिणाऱ्याला कुणी पगार देणार नाही. मी म्हणाले, "तुला तरी कोण देणार आहे?" मी ते नुसतं तोंडाला तोंड द्यायचं म्हणून बोलले होते.

शेवटच्या वर्षी नांदेडला कुठलीच कंपनी आली नाही. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एक कंपनी मुलाखती घेणार आहे आणि बाहेरच्या मुलांनाही बसू देणार आहे असं कळलं, म्हणून आमचा अर्धा वर्ग एसटीनं लातूरला गेला. तोही आला. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, काळे बूट. रांग लांब होती आणि ऊन चढलं होतं. टेबलापाशी पोचल्यावर तिथल्या बाईंनी त्याचा अर्ज वाचला, पासपोर्ट बघितला आणि अर्ज बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, आम्ही फक्त भारतीय उमेदवार घेतो. त्यानं विचारलं की जाहिरातीत हे कुठं लिहिलंय ते दाखवा. बाईंनी परत तेच वाक्य म्हटलं. त्यानंही परत तेच विचारलं. मागची रांग खवळली. ए, सरक ना बाजूला, असं कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, आमच्याच नोकऱ्या खायला आला का हा? बोलणारा आमच्याच वर्गातला होता, मुखेडकडचा, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ह्याच्या वहीवरून शिकून पास झालेला होता. येमेन्यानं मागं वळून त्याच्याकडं बघितलं आणि रांगेतून बाहेर पडला.

मी लेखी परीक्षा पास झाले. मुलाखतीत दोन पुरुष होते. त्यांनी माझं नाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, मग म्हणाले की घरचे तुम्हाला पुण्याला पाठवतील का? मी हो म्हणाले. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. लग्नाचं काय, असं एकानं विचारलं. संगणकाविषयी एकही प्रश्न न विचारता त्यांनी मला उठवलं.

परतीच्या एसटीत आम्ही पुढं-मागं बसलो होतो. लोहा गाव मागं पडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. तुझं काय झालं, म्हणाला. मी म्हणाले, तुझं झालं तेच. "नाही," तो म्हणाला. "तुला आत तरी जाऊ दिलं." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मी नांदेड येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

अब्बांना आमचे दोघांचेही पडलेले चेहरे बघवेनात. ते म्हणाले, लातूरच्या सरांकडं जाऊ.

ह्या सरांची आणि अब्बांची ओळख भूकंपातली. लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी मराठी शाळेत चौथीला होते. एका व्यापाऱ्यानं शेड उभारायचं काम घेतलं होतं आणि पत्रा बसवायला माणसं लागत होती, म्हणून अब्बा आमच्या दुकानातले कारागीर घेऊन तिकडं गेले. कितीतरी आठवडे तिकडंच होते. परत आल्यावर त्यांनी तिकडचं काही सांगितलं नाही. फक्त घरातल्या सगळ्या खाटा भिंतींपासून ओढून खोलीच्या मधोमध आणल्या, आणि अम्मीनं कितीही सांगितलं तरी परत सरकवू दिल्या नाहीत. सर त्या वेळी नुकते बीएस्सी झालेले तरुण होते. त्यांच्या गावातली शाळा पडली होती. दहावीची उरलेली पोरं गोळा करून ते एका शेडात गणित शिकवायचे. अब्बांनी त्यांना उरलेल्या पत्र्याचा फळा करून दिला आणि त्याला काळा रंग लावून दिला. ही गोष्ट दोघंही सांगायचे, आणि दोघांनाही सांगायला आवडायची.

त्या शेडातली पोरं चांगल्या मार्कांनी पास झाली. सर लातूरला आले. आधी एक भाड्याचा हॉल घेतला, मग दोन, मग स्वतःची तीन मजली इमारत बांधली. तोवर सगळं लातूरच तसं झालं होतं. चौकाचौकांत पोरांचे फोटो आणि त्यांचे मार्क. घराघरांत लाकडी फळ्या लावून पाडलेल्या खोल्या, आणि त्या प्रत्येक खोलीत बाहेरगावाहून आलेलं एक पोर, त्याची गादी आणि त्याची कुलूपबंद पेटी. त्या पेट्या आमच्या दुकानातून जायच्या. भूकंपानं अब्बांना शेडांचं काम दिलं आणि कोचिंगनं पेट्यांचं. घर आमचं दोन्ही वेळा पत्र्यावरच चाललं, आणि म्हणून लातूरच्या सरांविषयी आमच्या घरात कुणी वाकडं बोलायचं नाही.

सरांनी अब्बांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. त्यांच्याकडं तेव्हा एक मोठी अडचण होती. दर रविवारी सगळ्या पोरांची चाचणी, आणि उत्तरपत्रिका हातानं तपासून क्रमवारी लावेपर्यंत पुढचा रविवार यायचा. पालक रोज फोन करायचे. त्यांना असा प्रोग्राम हवा होता की चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी निकाल फळ्यावर लागेल आणि पालकांच्या मोबाइलवर मार्क जातील. येमेन्यानं दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, होईल. मग त्यानं आपली अट सांगितली. विद्यार्थ्याच्या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नव्हती. नोकरीचा व्हिसा मायदेशी जाऊन काढावा लागायचा, आणि त्यासाठी इथल्या मालकाचं पत्र लागायचं की हा माणूस आम्हाला ह्या कामासाठी हवा आहे. ते पत्र त्याला पाहिजे होतं.

"हाव, देऊ की पत्र," सर म्हणाले. "पत्राला काय लागतं? आधी काम तर दिसू द्या. तुमची माणसं म्हंजे माझीच माणसं हायत, भाईसाब."

अशी आम्हा दोघांना एकाच दिवशी नोकरी लागली. मी लातुरातल्या माझ्या मामूंच्या घरी राहायला गेले. त्याला लातुरात कुणी खोली देईना. परदेशी म्हटलं की घरमालक दार अर्धंच उघडायचे. मामूंनी आपल्या ओळखीत दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकानं सांगितलं की खोल्या फक्त विद्यार्थ्यांना देतो. मामू म्हणाले, हा विद्यार्थीच आहे. तो म्हणाला, असला नको. शेवटी सरांनी त्याला इमारतीच्या तळघरात, छापील नोट्सचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत झोपायला सांगितलं. नांदेडच्या पत्त्यावर त्याची परदेशी म्हणून नोंद होती. पत्ता बदलला की पोलिसांना कळवावं लागतं, असं तो सरांना म्हणाला. सर म्हणाले, कशाला उगाच, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न हाय, पत्र झालं की सगळं एकदमच करू.

तळघरातच आमचं काम चालायचं. मी पोरांची नावं, पत्ते, पालकांचे नंबर भरायची, तो प्रोग्राम लिहायचा. आम्ही रोज भांडायचो. एकाच नावाची पाच-पाच पोरं असायची, आणि मी त्यांना वेगळं ओळखायला गावाचं नाव पुढं लावायची. तो म्हणायचा, हे चुकीचं आहे, प्रत्येकाला आकडा दे. मी म्हणायची, आकड्यानं बापाला फोन करशील का? तो सगळ्यांसमोर माझं काम पुसून परत करायला लावायचा. मी त्याच्या जेवणाच्या डब्यावरून, त्याच्या सिगारेटींवरून बोलायची. पण पहिल्या रविवारची चाचणी झाली आणि सोमवारी सकाळी निकाल फळ्यावर लागला तेव्हा मी फळ्यासमोरची गर्दी बघून खाली आले आणि त्याला सांगितलं की चाललं. तो मान वर न करता म्हणाला, "चालणारच होतं."

पत्राचं विचारलं की सर म्हणायचे, बघायलोय. मग म्हणाले, वकिलाला विचारायलोय. मग बारावीची परीक्षा आली, मग तिचा निकाल, मग नवे प्रवेश. पगार हातात मिळायचा, सही कुठं घेतली जायची नाही. मलाही नेमणुकीचा कागद मिळाला नव्हता, पण मला त्याची तशी गरज नव्हती. त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. तो दर आठवड्याला केबिनमध्ये जाऊन उभा राहायचा, आणि दर आठवड्याला जरा कमी वेळात बाहेर यायचा.

ह्याच सुमाराला एका पालकानं तक्रार केली. देगलूरकडचे गृहस्थ होते, मुलीला भेटायला आले होते आणि तळघरात कुठलासा दाखला घ्यायला उतरले. त्यांनी येमेन्याला बघितलं, बोलणं ऐकलं आणि वर जाऊन विचारलं की हा कोण, आणि आमच्या पोरींचे नंबर ह्याच्याकडं कशाला? सरांनी त्यांना समजावून पाठवलं. पण ती गोष्ट पसरली. खाणावळीत त्याच्या टेबलावर कुणी बसेना. क्लासमधले दोन मास्तर जिन्यात दिसला की मुद्दाम मोठ्यानं काहीबाही बोलायचे. त्याला सगळं कळतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मग एका दुपारी पोलीस आले. कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. दोघं होते, आणि त्यातला वयानं मोठा होता तो थकलेला दिसत होता. परदेशी मुलगा इथं राहतो का, असं त्यानं ऑफिसात विचारलं. येमेन्याला वर बोलावलं गेलं. मी फायली घेऊन तिथंच उभी होते, दोन मास्तर होते, शिपाई होता. सर केबिनमधून बाहेर आले. पोलिसानं विचारलं, हा तुमच्याकडं कामाला आहे का?

"न्हाई हो," सर म्हणाले. "आपल्याकडं न्हाई. हिच्या वडिलांचा भाडेकरू हाय तो, नांदेडचा. हिला भेटायला येतो अधनंमधनं."

माझ्याकडं बोट दाखवून ते म्हणाले. मास्तरांनी खाली बघितलं, पण हसू त्यांना लपवता आलं नाही.

येमेन्याला वाक्य न् वाक्य कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. तो बोलायला तोंड उघडतोय असं वाटलं आणि तेवढ्यात पोलिसानं त्याला विचारलं, तुझी नोंद नांदेडची, मग इथं काय करतोस? त्यानं नुसता पासपोर्ट पुढं केला. मी इथं काम करतो असं म्हटलं असतं तर त्याच्या व्हिसाप्रमाणे तोच गुन्हा होता. मी तरी काय सांगणार होते? खरं सांगितलं की तो अडकणार, आणि गप्प राहिलं की सरांचं वाक्य खरं ठरणार. सरांना हे सगळं आधीच दिसलं होतं. म्हणून तर ते इतके निवांत उभे होते.

पोलीस काही वाईट वागला नाही. त्यानं पासपोर्ट बघितला, लिहून घेतलं आणि सांगितलं की आजच नांदेडला जा आणि तिथं हजर हो. ते गेल्यावर येमेनी तळघरात उतरला. प्रोग्रामच्या मूळ प्रती त्यानं स्वतःजवळच्या सीडीवर घेतल्या आणि संगणकावरच्या पुसून टाकल्या. नुसता चालणारा प्रोग्राम तेवढा ठेवला. बदल करायचा झाला तर आता कुणालाच करता येणार नव्हता. मी दारात उभी होते. बॅग घेऊन तो बसस्टँडकडं गेला.

मी केबिनमध्ये गेले. सरांना विचारलं, तुम्ही पोलिसांसमोर काय म्हणालात?

ते शांतच होते. म्हणाले, तसं म्हणलं म्हणून तर सुटला तो, न्हाईतर आत बसला असता. उपकार मान माझे. आता ते सगळं काम तूच बघ, तुला कायम करतो. मी म्हणाले की त्याला ठरलेलं पत्र द्या, मग पुढचं बोलू.

सर खुर्चीत मागं रेलले. "तुझं एवढं काय अडलंय त्याच्यावाचून?" असं म्हणून ते हसले. मास्तर हसले होते तसंच.

"माझं काही अडलेलं नाही," मी म्हणाले. "तो मला आवडतसुद्धा नाही. पण काम त्यानं केलंय, आणि तुम्ही माझी अब्रू पुढं करून त्याला हाकललंत."

ते म्हणाले, तोंड सांभाळून बोल. मी पर्स घेतली आणि निघाले. तेव्हा मला कुणी काही फेकून मारायला दिलं असतं तर मी मारलं असतं.

मामूंच्या घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. मुमानीनं, मामूंच्या बायकोनं, मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अब्बा आले, मला मामूंकडंच बसवून एकटेच सरांना भेटायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात माझा राहिलेला पगार होता. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, तुम्ही त्यांना काही बोललात का? ते म्हणाले, "तू बोललीस तेवढं पुरे झालं." माझा राग सरांवर होता त्याहून जास्त त्या वेळी अब्बांवर आला. आणि हेही लिहिलं पाहिजे की लातूरला जाणाऱ्या आमच्या पेट्या त्या वर्षीही गेल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षीही गेल्या.

नांदेडात येमेनी पोलिसांपुढं हजर होऊन आला, आणि अम्मीनं त्याला खोली सोडायला सांगितलं. लातूरची गोष्ट गल्लीत सगळीकडं झाली होती. माझ्यासाठी परभणीचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी काही न कळवता बोलणं थांबवलं. तो सामान घेऊन उतरत होता तेव्हा मी जिन्याखाली होते. मला वाटलं, आता तरी हा काही म्हणेल.

"तू नोकरी सोडायला नको होतीस," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं नव्हतं."

"तुझ्यासाठी नाही सोडली."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि गेला. अब्बा त्याला स्टेशनापर्यंत सोडून आले.

तो हैदराबादला गेला होता. काही दिवसांनी त्यानं दुकानात अब्बांना फोन करून कळवलं की नोकरी लागली. एका मोठ्या कंपनीला अरबी बोलणारी माणसं हवी होती. आखाती देशांतल्या लोकांचे संगणक बिघडले की फोनवर त्यांना सांगायचं काम. त्या कंपनीनं पहिल्याच आठवड्यात त्याला पत्र दिलं, तो मायदेशी जाऊन व्हिसा घेऊन आला. लातुरात ज्या कागदासाठी तो इतके महिने उभा राहिला तो तिथं कुणीतरी सहज छापून दिला.

पुढच्या वर्षी मला हैदराबादच्याच एका लहान कंपनीतून बोलावणं आलं. अब्बा सोबत आले, आणि ह्याला भेटायचंच म्हणून हट्ट धरून बसले. तो गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या फाटकाबाहेर आला. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर उभे राहिलो. अब्बांनी त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला की दिवसभर मी अरबीत सांगतो, मशीन बंद करा, परत चालू करा. दोन वर्षं शिकलो ते कुणी विचारलंच नाही. आईनं शिकवलेली भाषा तेवढी त्यांना पाहिजे होती.

अब्बा म्हणाले की पगार येतो ना, मग लाज कसली? मी म्हणाले, इतकं वाईट वाटतं तर सोडून दे. तो माझ्यावर भडकला. सोडून कुठं जाऊ, तुझ्या बापासारखा माझा बाप दुकान उघडून बसलाय का, असं म्हणाला. मी म्हणाले, भाऊ बसलाय ना. अब्बांनी आम्हा दोघांनाही गप्प केलं. चहाचे पैसे त्यानंच दिले आणि निघताना मला विचारलं की मुलाखतीत काय विचारलं. मी सांगितलं. माझ्या एका उत्तरात चूक होती, ती त्यानं तिथंच दाखवली.

तरीही मला ती नोकरी मिळाली. चार-पाच वर्षं मी तिथं प्रोग्राम तपासायचं काम केलं, मग नांदेडला परत येऊन एका बँकेच्या संगणक विभागात लागले. तो त्याच कंपनीत राहिला. फोनच्या खात्यातून बाहेर पडून प्रोग्राम लिहिणाऱ्यांत जायला त्याला बरीच वर्षं लागली. दरम्यान त्याच्यानंतर आलेली कितीतरी मुलं त्याच्या पुढं गेली, असं अब्बांकडून कळलं. ईदला तो अब्बांना फोन करतो. मला करत नाही, आणि मीही त्याची वाट बघत नाही.

गेल्या वर्षी लातूरला मामूंच्या नातीच्या लग्नात सर भेटले. केस पूर्ण पांढरे, भोवती चार माणसं. मला बघून त्यांनी हाक मारली आणि बरोबरच्यांना सांगितलं, ही आपल्याच हाताखाली तयार झालेली, आता बँकेत मोठी साहेब हाय.

मी म्हणाले की मी तुमच्याकडं शिकायला नव्हते, नोकरीला होते. आणि निकालाचा प्रोग्राम ज्यानं केला तोही होता.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तळघरात राहायचा तो. येमेनचा. पोलीस आले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. खोटं बोलत नव्हते ते. मला माणसाचं खोटं ओळखता येतं, आणि त्यांचं तर येतंच. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. "एवढी पोरं येऊन गेली," असं म्हणून ते बाजूच्या माणसाशी बोलायला लागले. मी ताट घेतलं आणि अब्बांच्या शेजारी जाऊन जेवायला बसले.